आंब्रोलीची शाळा आणि तिचा वारसा : प्रस्तावना

धर्मसंस्थेने विद्यालय स्थापावे, त्याला आपल्या तिजोरीतून पोसावे, आपलेच पुरोहित तेथे अध्यापक म्हणून नेमावेत, आणि दोन-तीन पिढ्यांनी त्याच विद्यालयातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनी त्या धर्मसंस्थेलाच अडचणीचे प्रश्न विचारावेत, हा प्रकार युरोप-अमेरिकेच्या इतिहासात इतका सर्रास आढळतो की तिकडे त्याचे कोणाला नवल उरलेले नाही. अमेरिकेतील लहान लहान गावांतून चर्चच्या आश्रयाने निघालेली जी विद्यापीठे आजही काही शे विद्यार्थ्यांना साहित्य, तत्त्वज्ञान, इतिहास, गणित आणि सृष्टिशास्त्रे यांचे एकत्र शिक्षण देतात, त्यांच्या घडणीची कथा बहुधा अशीच असते. हिंदुस्थानात मात्र ही कथा वेगळ्या वळणाने गेली. येथे चर्चला महाविद्यालये लाभली, विद्यापीठ लाभले नाही. त्या न लाभण्याचा परिणाम इष्ट झाला की अनिष्ट, याविषयी पुढील पृष्ठांत जे विवेचन आले आहे त्याची पूर्वपीठिका सांगणे एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

विद्यापीठ लाभले नाही, या विधानाला एक अपवाद आहे आणि तो मोठा मौजेचा आहे. बंगालमधील श्रीरामपूर (आपल्या नगर जिल्ह्यातील नव्हे, हुगळीच्या काठचे) हे त्या काळी डॅनिश अंमलाखाली होते. विल्यम केरी, मार्शमन व वॉर्ड या बॅप्टिस्ट त्रयीने तेथे 1818 मध्ये महाविद्यालय काढले, आणि 1827 मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्याला पदव्या देण्याची सनद दिली. हिंदुस्थानातील सरकारी विद्यापीठे जन्माला यावयास अजून तीस वर्षे अवकाश होता. ज्या केरीसाहेबांनी 1805 मध्ये मराठीचे व्याकरण छापले आणि 1810 मध्ये मोडी टाइपात मराठीचा कोश काढला, त्यांच्याच संस्थेच्या दप्तरी ही सनद पडली. परंतु प्रत्यक्षात तिचा उपयोग पुढे केवळ धर्मशास्त्राच्या पदव्यांपुरता झाला. सर्व विद्यांचे विद्यापीठ होण्याचा जो अधिकार कागदावर होता, तो कागदावरच राहिला. बाकी सर्वत्र चर्चच्या महाविद्यालयांना सरकारी विद्यापीठांच्या छत्राखाली जावे लागले, त्यांचे अभ्यासक्रम स्वीकारावे लागले, आणि त्यांच्या परीक्षांच्या मापाने आपले यशापयश मोजून घ्यावे लागले.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर या कथेचे मूळ गिरगावातल्या आंब्रोलीच्या शाळेत आहे. तीच शाळा पुढे चौपाटीवरील विल्सन कॉलेज झाली. तिची भावंडे म्हणजे नागपूरचे हिस्लॉप कॉलेज आणि पुण्याची स्कॉटिश मिशनची शाळा. आणि दुसऱ्या, अमेरिकन, शाखेचे उशिरा आलेले फळ म्हणजे अहमदनगर कॉलेज. सेलूसारख्या, परभणी जिल्ह्यातल्या, एके काळच्या निजामी मुलखातल्या गावी बसून मुंबईच्या एका मिशनरी कॉलेजाविषयी लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, सेलूच्या अलीकडे परतूर आणि त्याच्याही अलीकडे जालना, येथे मिळते. परंतु तेथे पोचण्यास अवकाश आहे, आधी मुंबई.

मिशनरी शिक्षणाचे आपल्याकडे आलेले दोन प्रवाह वेगवेगळ्या उगमांचे होते, ही गोष्ट सामान्यतः दृष्टीआड होते. पहिला अमेरिकन. मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स कॉलेज हे 1793 मध्ये स्थापन झालेले एक आडगावचे लहानसे विद्यालय. तेथील पाच विद्यार्थी 1806 च्या उन्हाळ्यात वादळी पावसापासून आसरा घेण्यासाठी गवताच्या गंजीखाली बसले असता परदेशी धर्मप्रसाराची प्रतिज्ञा करून उठले, अशी तिकडची प्रसिद्ध आख्यायिका आहे. त्यातून 1810 मध्ये अमेरिकन बोर्ड ही संस्था निघाली, आणि त्याच विद्यालयाचा पदवीधर गॉर्डन हॉल हा सॅम्युअल नॉट याच्यासह 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरला. अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ तो हा. हे लोक 1831 मध्ये अहमदनगरास गेले. 1842 मध्ये तेथे ‘ज्ञानोदय’ निघाला. आणि सिंथिया फॅरर या बाईंनी तेथे चालविलेल्या मुलींच्या शाळांनी जोतीराव फुल्यांच्या मनावर जो परिणाम केला तो सर्वश्रुत आहे. दुसरा प्रवाह स्कॉटिश. स्कॉटलंडच्या विद्यापीठांत तत्त्वज्ञान हा सर्व शिक्षणाचा कणा मानला जात असे. ग्रीक-लॅटिनच्या सूक्ष्म व्युत्पत्तीपेक्षा तर्क, नीतिशास्त्र आणि निसर्गविज्ञान यांचा मेळ तेथे अधिक महत्त्वाचा गणला जाई, आणि गरीब शेतकऱ्याच्या मुलालाही विद्यापीठाचा दरवाजा इंग्लंडच्या मानाने मोकळा असे. जॉन विल्सन हा अशाच, लॉडर नावाच्या सीमाप्रांतीय गावचा, 1804 मध्ये जन्मलेला, एडिंबरो येथे शिकलेला मनुष्य. तो 1829 मध्ये पत्नी मार्गारेटसह मुंबईस आला, प्रथम कोकणात हर्णै-बाणकोटच्या बाजूस जाऊन मराठी शिकला, आणि थोड्याच महिन्यांत त्या भाषेत उपदेश करू लागला.

विल्सनसाहेबांच्या आगमनानंतरची पहिली काही वर्षे वादविवादांनी गजबजलेली आहेत. मोरभट दांडेकरांशी त्यांचा 1831 मध्ये जाहीर वाद झाला; भटजींनी आपला पक्ष ‘हिंदुधर्मस्थापना’ म्हणून छापला, साहेबांनी त्याचे खंडन छापले. पारशी विद्वानांशी त्यांनी असाच सामना मांडला आणि पुढे पारशी धर्मावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. आजचा वाचक या खंडनमंडनाला कंटाळेल. त्याने कंटाळावे हेही योग्यच, कारण त्यातला बराचसा भाग परस्परांच्या ग्रंथांतली विसंगती हुडकण्याच्या उद्योगात खर्ची पडलेला आहे. परंतु एक गोष्ट विसरता कामा नये. प्रतिपक्षाचे ग्रंथ मुळातून वाचल्याखेरीज त्याच्याशी वाद करता येत नाही, हा दंडक विल्सन यांनी स्वतःवर लादून घेतला, आणि त्या दंडकापायी ते संस्कृत, झेंद, फारसी, हिब्रू अशा भाषांच्या अभ्यासात खोल गेले. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे ते अध्यक्ष झाले. गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या अशोकाच्या शिलालेखाचा जो ठसा त्यांनी 1835 मध्ये मिळविला, तो जेम्स प्रिन्सेप यांच्या हाती पडला, आणि त्यातून त्या शिलेवर ग्रीक राजांची नावे कोरलेली आहेत हे जगाला कळले. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची दुसरी आवृत्ती ज्यांनी चाळली असेल त्यांना तिच्या आरंभी मराठी भाषेच्या घटकांविषयी व प्रसाराविषयी विल्सन यांचा एक निबंध जोडलेला आढळेल. कोश उघडणारा शंभरांतला एकही तो वाचत नाही, ही प्रस्तावनांच्या नशिबी नेहमीच येणारी गत आहे, आणि प्रस्तुत लेखकाची त्याबद्दल तक्रार नाही.

आंब्रोलीच्या शाळेचा आरंभ 1832 चा. मार्गारेट विल्सन यांनी मुलींच्या शाळा त्याआधीच काढल्या होत्या. मुलींसाठी शाळा काढणाऱ्या या बाई 1835 मध्ये, आल्यापासून अवघ्या सहा वर्षांत, मुंबईतच निवर्तल्या. मराठी स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात त्यांचे नाव जितके यावयास हवे तितके येत नाही. आंब्रोलीच्या शाळेचे वैशिष्ट्य असे की कलकत्त्यास अलेक्झांडर डफ यांनी 1830 मध्ये काढलेल्या विख्यात शाळेचा सर्व भर इंग्रजीवर होता, तर विल्सन यांनी इंग्रजीबरोबरच देशभाषांना आणि पौर्वात्य अभिजात भाषांना अभ्यासक्रमात जागा दिली. डफ यांची समजूत अशी की इंग्रजी ज्ञानाचा प्रकाश पडताच जुन्या श्रद्धा आपोआप विरघळतील. विल्सन यांना त्या श्रद्धांचे ग्रंथच विद्यार्थ्यासमोर उघडावयाचे होते. हेतू दोघांचा एकच, धर्मांतर, आणि तो लपविण्याचा प्रयत्न दोघांपैकी कोणीही केला नाही. पण साधनांतल्या या फरकाने पुढच्या शंभर वर्षांचा रंग बदलला. कारण ज्या विद्यार्थ्याला आपल्या परंपरेचे मूळ ग्रंथ चिकित्सेने वाचावयास शिकविले, तो त्या चिकित्सेचा निष्कर्ष शिक्षकाच्या मनासारखाच काढील याची हमी कोणी द्यावी?

हमी नव्हतीच; आणि निष्कर्ष शिक्षकाच्या मनासारखा निघाला तरी शाळेवर काय ओढवते, हे 1839 मध्ये प्रथम उघड झाले. धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी त्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. पारशी पंचायतीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, कोर्टाचा निकाल तरुणांच्या बाजूने लागला, आणि आंब्रोलीचे वर्ग ओस पडले. पारशी मुले तर जवळजवळ सगळीच गेली. धनजीभाई पुढे विल्सन यांच्याबरोबर स्कॉटलंडास गेले, धर्मोपदेशक झाले आणि दीर्घायुषी होऊन त्यांनी इंग्रजीत आत्मवृत्त लिहिले. शाळा हळूहळू पुन्हा भरली.

त्याहून गंभीर प्रसंग 1843 चा. नारायण शेषाद्री हा ब्राह्मण विद्यार्थी त्या वर्षी ख्रिस्ती झाला. पाठोपाठ त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी जाऊन राहिला. श्रीपत अजाण होता. बापाने फिर्याद केली, न्यायालयाने मुलगा बापाच्या स्वाधीन करविला, आणि मग खरा पेच उभा राहिला तो हिंदू समाजापुढे. परधर्मीयांच्या घरी अन्नोदक घेतलेल्या मुलाला जातीत परत घेता येते काय? बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, येते. शास्त्रात प्रायश्चित्ताची सोय आहे, आणि ती या मुलाला नाकारणे म्हणजे त्याला मिशनऱ्यांच्या पदरात ढकलणे होय. शास्त्रीबोवांनी हा पक्ष घेतल्याबद्दल सनातनी मंडळींनी त्यांच्यावर बहिष्काराचे शस्त्र उगारले. बाळशास्त्री एल्फिन्स्टनचे, सरकारी संस्थेचे प्राध्यापक; त्यांचा मिशनशी संबंध विरोधकाचा. परंतु या प्रकरणाने समाजाला जो प्रश्न विचारला, तो प्रश्न आंब्रोलीच्या शाळेखेरीज विचारला गेला नसता. इतिहासकारांना या प्रकरणात एकीकडे मिशनऱ्यांची आक्रमकता दिसते, दुसरीकडे सनातन्यांचा हट्ट दिसतो; दोन्ही खरे. मला त्यात जे विशेष वाटते ते हे, की शुद्धीच्या ज्या विचाराला पुढील शतकात एवढे महत्त्व आले, त्याचा मराठी मुलखातला हा एक प्रारंभीचा जाहीर खल एका शाळकरी पोराच्या निमित्ताने झाला.

त्याच 1843 साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. सरकार व जमीनदार यांनी धर्मोपदेशक नेमावेत की मंडळीने, हा तंटा. त्याचा हिंदुस्थानाशी काडीचा संबंध नाही. परंतु त्याचा फटका आंब्रोलीस बसला. विल्सन तेव्हा पॅलेस्टाइनमार्गे मायदेशी निघालेले; मुंबईतील मिशनरी मंडळींनी आणि त्यांनी स्वतंत्र, म्हणजे फ्री, चर्चचा पक्ष घेतला, आणि परिणामी नुकतीच उभारलेली शाळेची इमारत जुन्या चर्चच्या हवाली करून स्वतः बाहेर पडले. इमारत गेली, विद्यार्थी व अध्यापक राहिले. संस्थेची ओळख वास्तूवर अवलंबून नसते हे सिद्ध करण्याची एवढी उत्तम संधी फार थोड्या संस्थांना मिळते. बहुतेक संस्था ती संधी टाळण्यासाठी जन्मभर धडपडत असतात.

या फ्री चर्चच्या शाळेत शिकलेल्यांत बाबा पदमनजी हे एक. त्यांनी 1854 मध्ये बेळगावी बाप्तिस्मा घेतला आणि 1857 मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहून मराठीतील कादंबरीचा पाया घातला. हिंदू विधवांची स्थिती हा तिचा विषय. धर्मप्रसार हा हेतू त्या पुस्तकात झाकलेला नाही. पण विधवांच्या दुःखाचे जे तपशील त्यात आले आहेत ते धर्मप्रसारकाने शोधलेले नसून मराठी घरांत वाढलेल्या माणसाने पाहिलेले आहेत, आणि म्हणूनच पुस्तक हेतूच्या पलीकडे टिकले.

यानंतर विद्यापीठाचा काळ येतो. चार्ल्स वुडच्या 1854 च्या खलित्याने सरकारी मदतीचे धोरण ठरविले आणि 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ, लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, केवळ परीक्षा घेणारी संस्था म्हणून अस्तित्वात आले. फ्री चर्चची ही संस्था 1861 मध्ये त्याला संलग्न झाली. विल्सन हे विद्यापीठाच्या आद्य सदस्यांपैकी एक. 1868 मध्ये ते कुलगुरूही झाले. मिशनरी मनुष्य सरकारी विद्यापीठाचा कुलगुरू होतो, यात वरकरणी चर्चचा विजय दिसतो. वस्तुतः येथेच चर्चचे विद्यापीठ होण्याची शक्यता संपली. यापुढे काय शिकवावे हे विद्यापीठ ठरविणार. महाविद्यालयाच्या हाती उरले ते कसे शिकवावे एवढेच. बायबलचा तास वेळापत्रकात राहिला, पण परीक्षेत त्याला गुण नव्हते, आणि ज्याला गुण नाहीत त्या विषयाकडे हिंदुस्थानातील विद्यार्थी कोणत्या दृष्टीने पाहतो हे सांगावयास नको. विल्सन 1875 च्या डिसेंबरात वारले. चौपाटीवरील समुद्राभिमुख गॉथिक इमारत 1889 मध्ये उभी राहिली आणि संस्थेला त्यांचे नाव मिळाले.

‘कसे शिकवावे’ एवढेच हाती उरले, असे वर म्हटले. पण त्या ‘एवढ्या’त पुष्कळ सामावले होते. विल्सन कॉलेजचे दीर्घकाळचे प्राचार्य ड्यूगल्ड मॅकिकन हे तरुणपणी ग्लासगोच्या प्रयोगशाळेत विल्यम टॉम्सन (नंतरचे लॉर्ड केल्विन) यांच्याकडे विद्युत्-मापनाचे संशोधन करून आलेले. धर्मोपदेशकाचा झगा आणि पदार्थविज्ञानाची मोजपट्टी ही दोन्ही एका माणसाच्या अंगी असू शकतात, आणि त्यात त्याला विरोध वाटत नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी रोज पाहिली. तेही एकाहून अधिक वेळा कुलगुरू झाले. या वातावरणातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांची यादी देण्याचा मोह आवरून एकच नाव सांगतो. पांडुरंग वामन काणे हे दापोलीच्या मिशन शाळेत शिकले आणि विल्सन कॉलेजातून 1901 मध्ये बी.ए. झाले. त्यांनी ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ या नावाने, 1930 ते 1962 या अवधीत, हिंदू आचारविचारांचा जो पंचखंडात्मक इतिहास लिहिला त्याला विसाव्या शतकात तोड नाही. मोरभट दांडेकरांना वादात जिंकावयास निघालेल्या माणसाच्या नावे चालणाऱ्या कॉलेजातून धर्मशास्त्राचा सर्वांत मोठा अभ्यासक निघावा. आणि ज्या मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद विल्सन यांनी भूषविले त्याच पदावर तो, 1947 मध्ये, बसावा! काणे काही मिशनऱ्यांमुळे पंडित झाले असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे हा त्यांच्या घरच्या वैदिक परंपरेवर अन्याय होईल. परंतु जुन्या वचनाला काळ, स्थळ व प्रसंग यांच्या चौकटीत बसवून तपासण्याची जी रीत त्यांच्या पानोपानी दिसते, ती घरच्या पाठशाळेची नव्हती.

पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेविषयी येथे फार लिहीत नाही, कारण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. जोतीराव फुले 1841 ते 1847 या वर्षांत तेथे शिकले. थॉमस पेन यांचा ‘राइट्स ऑफ मॅन’ हा ग्रंथ त्यांच्या हाती पडला तो याच काळाच्या अखेरीस. ज्या पेनने पुढे बायबलवरच तलवार उपसली, त्याचा वाचक चर्चच्या शाळेने घडवावा, यातले नाट्य मिशनच्या वार्षिक अहवालांत अर्थातच नोंदलेले नसणार.

नागपूरचा प्रकार निराळा, आणि माझ्या मते सर्वांत मनोहर. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरास आले, भोसल्यांचे राज्य अजून उभे होते. त्यांनी पुढल्याच वर्षी शाळा सुरू केली. पण हा मनुष्य प्रवासाला निघाला की खिशात हातोडी घेऊन निघे. नागपूर-चांद्याच्या परिसरातले दगड फोडून त्यातील जीवाश्म त्यांनी असे काही गोळा केले की मध्य हिंदुस्थानच्या भूगर्भाचा पहिला व्यवस्थित अभ्यास त्यांच्या आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांच्या नावे जमा झाला. चांदा भागातील मांगली येथे सापडलेल्या एका प्राचीन उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन खुद्द रिचर्ड ओवेन यांनी लंडनमध्ये प्रसिद्ध केले. गोंड व इतर वनवासी जमातींविषयीची त्यांची टिपणे, त्यांच्या मृत्यूनंतर, रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये छापविली. 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटजवळची शिलावर्तुळे पाहून परतताना, पुराने फुगलेल्या ओढ्यात घोड्यासह उतरले असता, ते बुडून मरण पावले. त्यांच्या शाळेचे कॉलेज 1883 मध्ये झाले. आधी कलकत्ता, नंतर अलाहाबाद, आणि 1923 पासून नागपूर, अशा तीन विद्यापीठांचे छत्र त्याने पाहिले. छत्रे बदलली म्हणून शिकवणे बदलले नाही. एका मनुष्याने धर्मोपदेश, शाळा, भूगर्भशास्त्र आणि लोकजीवनाचा अभ्यास हे चार उद्योग वेगळे न मानता एकाच कुतूहलाने करावेत, यालाच मी उदार शिक्षण समजतो. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत त्याची व्याख्या नेमकी करता येत नाही.

आता जालना. ज्या नारायण शेषाद्रीमुळे 1843 मध्ये मुंबई हादरली, तो पुढे रेव्हरंड होऊन निजामी मुलखात आला. जालन्याची छावणी तेव्हा नांदती होती. सर सालारजंग यांच्या दिवाणगिरीत सरकारकडून जमीन मिळवून शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचे ख्रिस्ती खेडे वसविले. तेथे येणारे बहुतेक मांग व तत्सम जातींचे, गावकुसाबाहेरचे लोक. आंब्रोलीत जो ब्राह्मण विद्यार्थी तर्कशास्त्र व मानसशास्त्र शिकला, त्याने उर्वरित आयुष्य ज्यांना अक्षरओळखही कोणी होऊ दिली नव्हती त्यांच्या सहवासात काढले, आणि 1891 मध्ये अमेरिकेच्या प्रवासाहून परतताना समुद्रावरच देह ठेवला. त्याने बेथेलास कॉलेज काढले नाही. काढता आलेही नसते. शाळा, विहीर, शेती, प्रार्थना, एवढाच त्याचा पसारा होता. मराठवाड्यातील आजच्या वाचकाला या माणसाचे नाव माहीत नसते. जालन्यातल्या पुष्कळांनाही नसावे. धर्म बदलल्यामुळे त्याला आपल्या स्मृतीतून वगळले, ही त्याची शिक्षा झाली. आपलीही हानी झाली, ती अशी की मुंबईच्या नव्या विद्येचा एक धागा गोदावरीच्या खोऱ्यात किती लवकर येऊन पोचला होता, हेच आपण विसरलो.

पोचला, पण पुढे गेला नाही. एकोणिसावे शतक संपता संपता गोदावरी व्हॅली रेल्वे जालना, परतूर, सेलू, मानवत, परभणी अशी धावू लागली; कापूस बाहेर जाऊ लागला; सेलूत सरक्या-गाठींचा व्यापार वाढला. महाविद्यालय मात्र या सबंध पट्ट्यात नव्हते. उस्मानिया विद्यापीठ 1918 मध्ये हैदराबादेस स्थापन झाले ते उर्दू माध्यमाचे. एका देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो धाडसी प्रयोग होता, आणि त्याचे श्रेय नाकारू नये. पण मराठी मुलाला तो परभाषेचाच उंबरठा होता. औरंगाबादेस 1923 मध्ये इंटरमिजिएट कॉलेज निघाले. खाजगी शाळा काढावयाची तर सरकारी परवानगीचा अडसर. अशाही स्थितीत मराठी समाजाने स्वतःच्या हिमतीवर शाळा उभ्या केल्या. अंबेजोगाईचे योगेश्वरी विद्यालय, आमच्या सेलूचे नूतन विद्यालय, या त्या जिद्दीच्या खुणा. मिशनची एखादी संस्था या भागात रुजली असती तर या शाळांना भांडावयास एक तुल्यबळ प्रतिपक्षी मिळाला असता, असे मला कित्येकदा वाटते. मुंबई-पुण्याच्या मराठी शिक्षणसंस्था मिशनशी झुंजत वाढल्या. आमच्याकडच्या संस्था दरबाराशी झुंजत वाढल्या. त्यामुळे आमच्या संस्थांच्या घडणीत स्वातंत्र्याची ओढ उत्कट उतरली, परंतु धर्मचिकित्सेची सवय कमी लागली. हे मत आमच्या काही मित्रांना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे.

निजामी राज्यावरील पोलीस कारवाईनंतर चित्र झपाट्याने पालटले. 1950 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस, नंतर मिलिंद या नावाने विख्यात झालेले, महाविद्यालय काढले; नांदेडास पीपल्स कॉलेज निघाले; 1958 च्या ऑगस्टात मराठवाडा विद्यापीठ आले. मिलिंद हे नाव ज्या ग्रंथावरून आले त्यात राजा भिक्षूला प्रश्न विचारतो आणि भिक्षू उत्तरे देतो. धर्म व विद्या यांची सांगड घालूनही प्रश्नाचा अधिकार अबाधित ठेवण्याचा तो आदर्श आंब्रोलीहून उदात्त होता, हे कबूल केले पाहिजे.

चर्चच्या महाविद्यालयांना स्वतःच्या स्थितीची जाणीव नव्हती असे नाही. बेलियल कॉलेजचे प्रमुख ए. डी. लिंडसे यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग 1930 मध्ये हिंदुस्थानभर हिंडला आणि 1931 मध्ये त्याने अहवाल सादर केला. परीक्षांच्या घाण्याला जुंपलेल्या या संस्थांत ख्रिस्ती म्हणावे असे नेमके काय उरले आहे, हा त्याचा प्रश्न. आणि भोवतालच्या खेड्यांशी व समाजाशी संबंध जोडणे, संशोधन करणे, या दिशांना त्याचा कौल. अहवाल उत्तम; अंमल जेमतेम. तरी त्या विचारांची छाया मला अहमदनगर कॉलेजात दिसते. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी ते 1947 च्या जूनमध्ये, म्हणजे परकीय राज्य संपावयास दोन महिनेही उरले नसताना, स्थापन केले. संस्थापक मराठी, गाव दुष्काळी जिल्ह्याचे, विद्यार्थी बहुतांश शेतकऱ्यांघरचे. मिशनरी संस्था आणि मराठी समाज यांच्यातला जुना खंडनमंडनाचा व्यवहार तेथे संपलेला दिसतो आणि ग्रामविकास व समाजकार्य यांचे शिक्षण हा त्या कॉलेजाचा विशेष होऊन बसतो. विल्यम्स कॉलेजच्या त्या गवताच्या गंजीपासून नगरच्या माळापर्यंतचा हा प्रवास एकशे एकेचाळीस वर्षांचा.

पुढील लेखांच्या वाचनाविषयी एक-दोन सूचना करून थांबतो. या संस्थांचा इतिहास आजवर बहुधा बाप्तिस्म्यांचा व निषेधसभांचा इतिहास म्हणून सांगितला गेला. मिशनऱ्यांनी तो तसा सांगितला कारण त्यांना देणगीदारांना हिशोब द्यावयाचा होता, आणि आपण तो तसा सांगितला कारण आपल्याला गाऱ्हाणे मांडावयाचे होते. प्रत्यक्षात बाप्तिस्मा घेणारे विद्यार्थी मोजके. वर्गात बसून तर्क शिकून घरी जाणारे हजारो. म्हणून वाचकाने, शक्य तर, अभ्यासक्रम, ग्रंथालय व वसतिगृह यांवरील प्रकरणे आधी वाचावीत आणि वादांची प्रकरणे मागाहून. व्यक्तिनामे मराठीत ज्या रूपाने रूढ झाली आहेत त्याच रूपाने ठेवली आहेत. गावांची नावे त्या त्या काळी चालू असलेली दिली आहेत, त्यामुळे एकच गाव दोन ठिकाणी दोन नावांनी आढळल्यास ती मुद्रणाची चूक समजू नये. सनावळी सर्वत्र इसवीची आहे. फसली सने, निजामी कागदांचा आधार घेतला आहे तेथेही, बदलून घेतली आहेत.

सेलू, जि. परभणी